परदेशी सिंगल्सचे बॉक्स सेट : गोव्यातून जमवणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

फोंड्यात राहून पॉप गायकांच्या सिंगल्सच्या परदेशी पेट्या जमवायला लागून मला अठरा वर्षं झाली. चतुर्थीला आलेले पाहुणे, शाळेतले सोबती, बोटीवरून सुट्टीला आलेले शेजारी, कपाटासमोर उभे राहिले की सगळे साधारण तेच विचारतात. त्या प्रश्नांची उत्तरं एकदाची नीट लिहून काढली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे चुकलं तर पैसेही जातात आणि वस्तूही जाते.

अल्बम असताना सिंगल्सची पेटी कशाला हवी?

सिंगल म्हणजे एक मुख्य गाणं आणि त्याच्या सोबतीला मागच्या बाजूचं गाणं, लांबवलेलं मिक्स किंवा रेडिओसाठी कापलेली आवृत्ती. या सोबतीच्या गोष्टी पुष्कळदा अल्बममध्ये येतच नाहीत. मॅडोनाचं ‘सुपरनॅचरल’ घ्या. १९८९ साली ते ‘चेरिश’च्या मागच्या बाजूला आलं. ‘लाइक अ प्रेअर’ हा अल्बम कितीही वेळा उलटापालटा केला तरी त्यात ते सापडणार नाही.

आपल्याकडे सिंगल हा प्रकार बाजारात रुजलाच नाही. माझ्या पिढीने परदेशी पॉप ऐकलं ते कॅसेटवर, आणि कॅसेट असायची अख्ख्या अल्बमची. त्यामुळे प्रत्येक गाण्याला स्वतःचं मुखपृष्ठ होतं, स्वतःचा फोटो होता, हेच आपल्याला माहीत नव्हतं. मी पहिल्यांदा अशी पेटी उघडली तेव्हा ओळखीचं एकेक गाणं आपापल्या चेहऱ्यानिशी समोर आलं. तो आनंद अजून ओसरलेला नाही.

सुरुवात कुठल्या सेटने करावी?

ज्याची गाणी तुम्ही खरोखर ऐकता त्याच्यापासून. दुर्मीळ आहे एवढ्याच कारणाने घेतलेली पेटी दोन वर्षांत नकोशी होते, हे मी बऱ्याच जणांच्या बाबतीत पाहिलं आहे.

माहिती म्हणून काही नावं सांगतो. मॅडोनाची ‘सीडी सिंगल कलेक्शन’ ही १९९६ साली फक्त जपानसाठी निघालेली पेटी, तीत ८ सेंटिमीटरच्या ४० छोट्या सीडी. माझ्या मते या छंदातली ही सगळ्यात देखणी वस्तू आहे. मायकल जॅक्सनची ‘व्हिजनरी’ २००६ सालची, २० ड्युअलडिस्कची, म्हणजे एका बाजूला सीडी आणि दुसऱ्या बाजूला डीव्हीडी असलेल्या डिस्कची. युरोपात तिच्या डिस्क फेब्रुवारीपासून एकेक करून निघाल्या, अमेरिकेत नोव्हेंबरमध्ये पूर्ण पेटी आली. क्वीनचे ‘सिंगल्स कलेक्शन’चे चार खंड २००८ ते २०१० या काळातले, प्रत्येकात १३ सीडी. बीटल्सच्या ब्रिटनमधल्या सिंगल्सची सीडी पेटी १९९२ची, २२ डिस्कची. २०१९मध्ये त्यांच्याच सात इंची रेकॉर्डची २३ नगांची पेटी निघाली.

एल्विस प्रेस्लीच्या सेटची हकीकत वेगळी आहे. २००५च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये त्याची तिथल्या चार्टवर, म्हणजे विक्रीच्या क्रमवारीत, पहिल्या क्रमांकावर गेलेली १८ सिंगल्स दर आठवड्याला एक अशी पुन्हा काढली. पहिल्या ‘ऑल शुक अप’सोबत सगळी ठेवायला रिकामा खोका दिला होता, आणि त्या खोक्यामुळेच ते सिंगल चार्टच्या नियमांत बसलं नाही. पुढच्या आठवड्यातलं ‘जेलहाउस रॉक’ मात्र थेट पहिल्या क्रमांकावर गेलं. अशा सुट्या निघालेल्या सेटमध्ये प्रत्येक नग वेगळ्या हातांतून आलेला असू शकतो, म्हणून घेताना एकेक डिस्क तपासावी लागते.

जपानी पेट्यांचं एवढं कौतुक का?

कागदासाठी. जपानमध्ये १९८८पासून ८ सेंटिमीटरची सीडी सिंगल्स निघू लागली. ती लांबट, उभ्या पाकिटात यायची. या आकाराला तिथे ‘तान्झाकु’ म्हणतात. कविता लिहायच्या अरुंद कागदी पट्टीचं ते नाव. मोठ्या सीडीला आणि पेटीला ‘ओबी’ असते, म्हणजे बाजूने गुंडाळलेली कागदी पट्टी. किमोनोवरच्या कमरपट्ट्याला ओबी म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. तिच्यावर जपानी अक्षरांत नाव, किंमत, कॅटलॉग नंबर (कंपनीने त्या आवृत्तीला दिलेला क्रमांक) सगळं असतं. दुकानातून घरी आल्यावर ती फेकून देणारे पुष्कळ, त्यामुळे ओबीसकट सेट आणि बिनओबीचा सेट यांच्या किमतीत मोठी तफावत असते.

गोव्यात अशा पेट्या मिळतात का?

क्वचित. हणजुणच्या बुधवारच्या बाजारात आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी वर्षानुवर्षं फिरलो. सुट्या रेकॉर्ड मिळाल्या, कॅसेट ढिगाने मिळाल्या, आणि एकदा एका परदेशी पाहुण्याने निघताना विकलेली अर्धी पेटी मिळाली. पूर्ण सेट एकदाही नाही.

खरा झरा आहे तो बोटीवरच्या माणसांच्या घरी. आपल्याकडे दर दोन-चार घरांआड कुणी ना कुणी जहाजावर नोकरी केलेला सापडतो. योकोहामा, साउदॅम्प्टन, रॉटरडॅम अशा बंदरांवर उतरून या लोकांनी गाणी विकत आणली आहेत. माझ्या शेजारच्या काकांनी पेंटिंग करायच्या वेळी माळा रिकामा केला, तेव्हा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून अकरा जपानी छोट्या सीडी निघाल्या. त्यांनी त्या जपानी टेपरेकॉर्डर घेताना दुकानदाराच्या आग्रहावरून घेतल्या होत्या आणि विसरून गेले होते. ओळखीच्या घरी असं काही असेल तर संकोच न करता विचारा, आणि किंमत मात्र सचोटीने सांगा. म्हाताऱ्या माणसाला वस्तूचं मोल माहीत नाही म्हणून मातीमोल भावाने उचलायची, हे मला कधीच पटलं नाही.

बाकी खरेदी परदेशातून, ऑनलाइन.

ऑनलाइन घेताना भाव बरोबर आहे हे कसं कळतं?

विक्रेता मागतो तो भाव नव्हे, आधी विकला गेला तो भाव बघा. डिस्कॉग्स या रेकॉर्ड-सीडींच्या नोंदी आणि विक्रीच्या संकेतस्थळावर प्रत्येक आवृत्तीच्या पानावर पूर्वीच्या विक्रीतला सर्वांत कमी, मधला आणि सर्वांत जास्त भाव दिलेला असतो. त्यातला मधला धरून चाला. मात्र पान नेमक्या त्याच आवृत्तीचं आहे ना, हे कॅटलॉग नंबरवरून जुळवून घ्या. एकाच पेटीची ब्रिटिश, अमेरिकन आणि जपानी आवृत्ती असली तर तिन्हींचे भाव निराळे असतात.

दर्जाच्या शब्दांचा अर्थ नीट समजून घ्या. ‘मिंट’ म्हणजे न हाताळलेली, ‘निअर मिंट’ म्हणजे जवळपास तशी, ‘व्हेरी गुड प्लस’ म्हणजे थोडी वापरलेली पण चांगली. ‘गुड’ वाचून मात्र खूश होऊ नका. संग्राहकांच्या भाषेत ‘गुड’ म्हणजे बऱ्यापैकी झिजलेली वस्तू. शिवाय डिस्कचा दर्जा आणि कागदाचा दर्जा वेगवेगळा लिहिलेला असतो. पेटीच्या बाबतीत मी दुसरा आधी वाचतो.

कुठले फोटो मागायचे?

पेटीचे आठही कोपरे. आतल्या सगळ्या डिस्क एका ओळीत मांडून, मोजता येतील असा एक फोटो. ओबीची पुढची बाजू, मागची बाजू आणि घडी. पुस्तिकेचं मधलं पान, कारण पिना गंजल्या असतील तर तिथेच दिसतं. आणि दोन-तीन डिस्कची चकाकती बाजू, मधल्या भोकाजवळचे बारीक नंबर वाचता येतील इतक्या जवळून.

चाळीस डिस्कच्या पेटीत एकोणचाळीस निघणं ही या छंदातली नेहमीची गोष्ट आहे. माझ्याही बाबतीत झालं. विक्रेत्याने पेटीचा बाहेरून सुंदर फोटो टाकला होता, मी आतला मागितला नाही. पार्सल आलं, जमिनीवर चटई टाकून मी एकेक पाकीट मांडलं, दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा बायकोने मोजलं. एक पाकीट रिकामं होतं. त्याने थोडे पैसे परत दिले, पण ती एक सुटी डिस्क शोधण्यात माझी तीन वर्षं गेली. तेव्हापासून मोजलेला फोटो आल्याशिवाय मी पैसे भरत नाही.

नकली माल कसा ओळखायचा?

डिस्क उजेडात तिरकी धरा. चकाकत्या बाजूला भोकाभोवतीच्या कड्यावर मॅट्रिक्स नंबर कोरलेला असतो. तो कॅटलॉग नंबरशी किंवा त्या आवृत्तीच्या नोंदीशी जुळला पाहिजे. १९९४पासून सीडीवर कारखान्याची ओळख सांगणारे आयएफपीआय कोड येऊ लागले. १९८९ सालची म्हणून विकल्या जाणाऱ्या डिस्कवर हा कोड दिसला तर ती १९८९मध्ये छापलेली नाही, मग विक्रेता काहीही सांगो. ती नंतरची अधिकृत आवृत्ती असू शकते किंवा नकल असू शकते, पण ‘मूळ’ म्हणून तिचा भाव देऊ नका.

घरच्या बर्नरवर केलेली डिस्क मागून हिरवट किंवा निळसर दिसते, कारखान्यातली सहसा स्वच्छ चंदेरी. जपानी मालाचा बारकोड ४५ किंवा ४९ने सुरू होतो. नकली छपाईत बारीक जपानी अक्षरं चिकटलेली आणि फुगलेली दिसतात. भिंगाखाली दोन मिनिटांत समजतं. ‘मिहोन-बान’ असा शिक्का असेल तर ती प्रसिद्धीसाठी वाटलेली नमुना प्रत. ती खरीच असते, पण दुकानातल्या सेटमध्ये घुसलेली असेल तर सेट मूळचा नाही हे कळून चुकतं.

कस्टमचं काय? ‘गिफ्ट’ लिहून मागवलं तर शुल्क लागणार नाही, असं सांगतात.

तसं करू नका. डिसेंबर २०१९पासून टपालाने किंवा कुरियरने ‘गिफ्ट’ म्हणून बिनशुल्क सोडवून घ्यायच्या आयातीवर बंदी आहे, अपवाद फक्त जीवरक्षक औषधांचा आणि राखीचा. विक्रेत्याला स्पष्ट सांगा की खरी किंमत लिही, वर्णनात ‘वापरलेल्या संगीत सीडी’ असं लिही आणि बिलाची प्रत पार्सलच्या बाहेर प्लास्टिकच्या खिशात लाव. खोटी कमी किंमत लिहिली तर दोन तोटे होतात. पार्सल अडकतं, आणि वाटेत हरवलं तर भरपाईही त्या खोट्या किमतीचीच मिळते.

शुल्काचे दर बजेटमध्ये बदलत राहतात, म्हणून मागवण्याच्या आठवड्यात चालू दर पाहून घ्या आणि ती रक्कम पेटीच्या किमतीत धरूनच ‘परवडते का’ ते ठरवा. कुरियरवाले ओळखपत्राची प्रत मागतात, ती लगेच पाठवा. टपालाने आलेली माझी पार्सलं मुंबईच्या फॉरेन पोस्ट ऑफिसातून पुढे येतात आणि शुल्क पोस्टमन दारात घेतो, पावती देऊन. ती पावती जपून ठेवा. पुढे विकायची वेळ आली तर तिची किंमत कळते.

पार्सल कुठल्या महिन्यात मागवावं?

नोव्हेंबर ते एप्रिल. जून ते सप्टेंबर मी काहीही मागवत नाही, कितीही मोह झाला तरी. एका जुलैत मागवलेल्या पेटीला विक्रेत्याने साध्या कागदाचं एकच वेष्टन घातलं होतं. कोपरा चेपला होता आणि त्या चेपलेल्या जागेतून पुठ्ठ्याने पाणी ओढलं होतं. सीडी सगळ्या ठणठणीत होत्या. पुठ्ठा मात्र आजही हाताला फुगीर लागतो. विक्रेत्याकडून दोन खोके मागा, एकात एक, मधे दोन बोटं जागा आणि आतली पेटी प्लास्टिकमध्ये बंद.

ड्युअलडिस्क आणि छोट्या सीडी कुठल्याही प्लेयरवर चालतात का?

ट्रे बाहेर येणाऱ्या प्लेयरमध्ये बहुधा चालतात. ८ सेंटिमीटरच्या डिस्कसाठी ट्रेमध्ये आत छोटा गोल खळगा असतो, त्यात ती बसवा. गाडीतल्या किंवा लॅपटॉपच्या फटीतून आत ओढून घेणाऱ्या प्लेयरमध्ये छोटी सीडी चुकूनही घालू नका, ती आत अडकते.

ड्युअलडिस्कच्या एका बाजूला सीडी आणि दुसऱ्या बाजूला डीव्हीडी असते, म्हणून ती सुमारे १.५ मिलिमीटर जाड. साध्या सीडीची जाडी १.२ मिलिमीटर. तिची सीडी बाजू सीडीच्या ठरलेल्या मापात बसत नाही, म्हणूनच तिच्यावर ‘कॉम्पॅक्ट डिस्क’ची ओळखीची खूण नसते. दोन्ही बाजू वाचायच्या असल्यामुळे तिला ‘पाठ’ नाही. टेबलावर कुठल्याही बाजूने ठेवली तरी काहीतरी घासतंच, म्हणून हातातून थेट पाकिटात ठेवा. डीव्हीडी बाजूच्या चित्राची पद्धत अमेरिकन असेल तर एनटीएससी, युरोपीय असेल तर पाल. रिजन कोड (डीव्हीडी कुठल्या प्रदेशातल्या प्लेयरवर चालेल ते सांगणारा आकडा) असलेल्या डिस्कसाठी लक्षात ठेवा : भारत ५, जपान आणि पश्चिम युरोप २, अमेरिका १.

गोव्याच्या पावसाळ्यात हे सगळं टिकवायचं कसं?

प्लास्टिक टिकतं. मरतो तो कागद. आणि पेटीची किंमत, पेटीचं रूप, पेटीची ओळख सगळी कागदात आहे.

आपल्याकडे किनारपट्टीला वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि जुलैत हवा अशी असते की मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. कागद ठेवायला तीस ते पन्नास टक्के आर्द्रता चांगली. म्हणजे चार महिने आपल्या घरातली हवा कागदाच्या विरुद्ध असते. पहिल्या काही वर्षांत माझं लोखंडी कपाट मागच्या भिंतीला टेकून होतं. भिंत चिऱ्याची, बाहेरून पाऊस खाणारी. सप्टेंबरमध्ये कपाट उघडलं तेव्हा जुन्या देवळातल्या सभामंडपासारखा वास आला. खालच्या खणातल्या एका ओबीवर, नेमक्या पांढऱ्या भागावर, मोहरीएवढे सात तपकिरी डाग पडले होते. ते निघत नाहीत. मी तो कागद अजून तसाच ठेवला आहे.

त्यानंतर जे केलं ते असं. कपाट आतल्या भिंतीकडे नेलं आणि भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. सगळ्यात खालचा खण रिकामा ठेवला. आत स्वस्तातला आर्द्रता मोजणारा काटा ठेवला, आणि तो साठाच्या वर गेला की खोलीत डीह्युमिडिफायर लावतो. प्रत्येक पेटी हवाबंद झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, आत सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलणारं जेल घ्या. निळं गुलाबी झालं की ते पाण्याने भरलं. ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास तापवलं की पुन्हा कामाला येतं. पुडी कागदाला टेकू देऊ नका. आणि डबा बंद करायचा तो कोरड्या दिवसात, मे महिन्यात. जूनच्या दमट हवेत बंद केलात तर तुम्ही ओलच आत कोंडलीत.

पाकिटांवर घालायची पारदर्शक कव्हरं पॉलिप्रोपिलीनची घ्या. मऊ पीव्हीसी कव्हरांतून काही वर्षांनी चिकट थर सुटतो आणि तो छपाईला, डिस्कला चिकटतो. कसर आणि झुरळांसाठी आपल्याकडे लगेच डांबराच्या गोळ्या टाकतात. सीडीच्या कपाटात त्या नकोत. त्यांची वाफ सीडीच्या कडक डब्यांच्या प्लास्टिकला मऊ करते आणि वास कागदातून वर्षानुवर्षं जात नाही. कपाट कोरडं आणि झाडलेलं असलं की कसर फारशी येत नाही.

पावसाळ्यात एखाद्या कोरड्या, उन्हाच्या दुपारी (श्रावणात अशा दुपारी मिळतात) डबे उघडून एकेक पेटी पाहून घ्या. सूर्यप्रकाशात मात्र वाळत घालू नका. कण्यावरचा लाल रंग सगळ्यात आधी उडतो.

डिस्क तांबूस होत चालली आहे. हे पावसामुळे का?

ती ब्रिटनमधली, १९८८ ते १९९३च्या दरम्यानची आणि ‘पीडीओ’ या सीडी छापणाऱ्या कंपनीची आहे का, ते बघा. त्या काळात तिच्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यात छापलेल्या काही सीडींचा धातूवरचा संरक्षक लॅकरचा थर कमकुवत होता. पाकिटाच्या कागदातल्या गंधकाने आतला धातू काळवंडतो, कडेपासून आत सरकत जातो. हा दोष जन्माचा आहे. थांबवता येत नाही. आज वाचता येत असेल तर आजच संगणकावर प्रत उतरवून ठेवा आणि डिस्क मूळ कागदातून काढून वेगळ्या पाकिटात ठेवा.

डिस्क पुसायची कशी?

आधी फुंकणीने धूळ उडवा. मग ऊर्ध्वपातित पाण्यात ओला केलेला मऊ कपडा, मधून कडेकडे, सरळ रेषेत. गोल फिरवू नका. बुरशीचा थर असेल तर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. छापील बाजूची जास्त काळजी घ्या. धातूचा थर त्या बाजूला लॅकरखाली लगेच असतो, म्हणून तिथला ओरखडा खालच्या बाजूच्या ओरखड्यापेक्षा घातक. तिच्यावर पेनने नाव लिहू नका, स्टिकर लावू नका.

घरात आजोबांच्या केसरबाईंच्या तबकड्या आहेत. त्याही अशाच पुसू का?

नाही! मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात आणि अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. फक्त किंचित ओलसर कपडा वापरा, मधलं लेबल कोरडं राहील असा, आणि लगेच टिपून घ्या. त्या उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका.

हा प्रश्न मला फोंडा तालुक्यात हमखास येतो आणि मला तो आवडतो. केसरबाई केरकर आपल्याच केरीच्या. त्यांचं ‘जात कहां हो’ १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर गेलं. घरात त्यांची तबकडी असेल तर परदेशी पेटीच्या आधी तिची व्यवस्था करा.

सील फोडावं की तसंच ठेवावं?

मी फोडतो. सील असलेल्या पेटीचा भाव जास्त, हे खरं. पण घट्ट ताणलेल्या प्लास्टिकमुळे पुठ्ठ्याचे कोपरे वाकतात, आणि आतल्या ओलीचा, बुरशीचा पत्ता लागत नाही. आपल्या हवेत न उघडलेली पेटी सुरक्षित आहे असं मानता येत नाही. फोडताना कडेला ब्लेडची बारीक चीर द्या, आणि सीलवर काही स्टिकर असेल तर तो प्लास्टिकसकट कापून पुस्तिकेत ठेवा.

सेटमधली एक डिस्क हरवली तर सुटी घेऊन भरावी का?

भरावी, पण आत चिठ्ठी ठेवून. कुठली डिस्क, कधी आणि कुठून घेतली, कॅटलॉग नंबर काय, एवढं साध्या पेन्सिलने लिहावं. माझ्या जपानी पेटीत ती चिठ्ठी आहे. मी नसेन तेव्हा मुलीने पेटी विकायला काढली, तर घेणाऱ्याला विचारायच्या आधीच कळेल की चाळीसातली एक नंतर आलेली आहे.

नोंदवही ठेवायची का?

ठेवा. पेटीचं नाव, देश, साल, कॅटलॉग नंबर, किती नग, दिलेली किंमत, शुल्क, आणि दर ऑक्टोबरला तपासल्यावर दिसलेली स्थिती. एका पेटीला अर्धं पान पुरतं. माझ्या वहीत २०१४च्या ऑक्टोबरसमोर लिहिलं आहे : ‘ओबी, सात डाग.’ दर वर्षी मी ते डाग पुन्हा मोजतो. अजून सातच आहेत.